वन्संचा धोंडू

आमच्या गल्लीत सगळे ओरडून बोलायचे. रागानं नव्हे, सवयीनं. घराला लागून लूमचा कारखाना, समोर दुसरा, आणि मागच्या बाजूला सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगची चिमणी. शिफ्ट बदलताना खटखट घडीभर थांबली तरी माणसांचा आवाज खाली यायचा नाही. त्याच पट्टीत शेजारणीकडे मीठ मागायचं आणि त्याच पट्टीत कुणी गेल्याची बातमी सांगायची. लग्न होऊन मी कल्याणहून भिवंडीला आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, सासरची सगळी माणसं माझ्यावर चिडली आहेत. एकटी माझी नणंद हळू बोलायची. मी त्यांना वन्सं म्हणायची. त्यांचं बोलणं ऐकायचं तर पुढं वाकावं लागायचं, आणि पुढं वाकलेल्या माणसाला ओरडता येत नाही. मोठमोठे तोंडाळ लोक वन्संपुढं मऊ झालेले मी पाहिले आहेत. ही त्यांची युक्ती नव्हती. त्यांचा आवाजच तेवढा होता.

वन्सं माझ्या नवऱ्याहून मोठ्या. त्यांना खारबावला दिलं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा तापानं गेला. दिवसकार्य उरकलं आणि सासरच्यांनी त्यांना ट्रंकेसकट आणून आमच्या दारात सोडलं. जाताना 'पांढऱ्या पायाची' एवढा शब्द मागं ठेवून गेले. मी घरात आले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, पण शब्द ताजा होता. लग्नाची पत्रिका घरी यायची ती सहकुटुंब सहपरिवारच यायची, आणि हळदीच्या दिवशी वन्सं घरी राहायच्या. कुणी त्यांना 'येऊ नका' म्हणत नसे. त्यांनाही कुणी विचारावं अशी अपेक्षा नसे. त्या दिवशी त्या शिवणाचं मशीन पुसायच्या, तेल घालायच्या, आणि आम्ही परत आलो की 'नवरी कशी दिसत होती?' असं खरोखरच्या उत्सुकतेनं विचारायच्या.

पुढच्या खोलीत त्यांचा शिवणाचा क्लास होता. कोकणी मुसलमानांच्या मुली, तेलुगू विणकरांच्या मुली, आमच्या आगरी घरांतल्या मुली, सगळ्या तिथं एका सतरंजीवर बसायच्या. वन्संना वाकडी शिवण चालायची नाही. मुलगी रडकुंडीला आली तरी ब्लाउजची बाही पुन्हा उसवायला लावायच्या. म्हणायच्या, "उसव गं. उसवायची लाज नको. घातल्यावर आयुष्यभर खांद्याला टोचत राहील ते वाईट." त्या क्लासवर त्यांचं सगळं चालायचं, कुणापुढं हात पसरायची पाळी त्यांनी येऊ दिली नव्हती.

धोंडू घरात आला तो ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. माझी मुलगी वर्षा तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, राहनाळला शेती होती. आजूबाजूला गोदामं उभी राहिली तशी तिथंही शेड बांधून भाड्यानं दिली होती. भाडेकरू रातोरात सामान हलवून गेला असं कळलं म्हणून मामंजी पाहायला निघाले आणि वन्सं सोबत गेल्या. शेड रिकामी होती. एका कोपऱ्यात खांबाला साखळीनं बांधलेला कुत्रा तेवढा राहिला होता. पिवळट तपकिरी रंग, छातीवर पांढरा डाग, डोकं पाट्यासारखं रुंद, एक कान अर्धा फाटलेला. अंगावर जुन्या जखमांचे इतके व्रण, की केस कुठल्या दिशेचे ते कळू नये. पाण्याचं डबडं कोरडं ठणठणीत. शेजारच्या गोदामाचा भय्या वॉचमन लांबूनच म्हणाला, "दीदी, हाथ मत लगाना. लड़ाई का कुत्ता है. पंजाब से लाए थे, पिटबुल बोलते हैं. पिछले हफ्ते हार गया, तो छोड़ के चले गए."

पिटबुल हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आता तो वर्तमानपत्रात येतो, आणि येतो तेव्हा त्याच्याबरोबर कुणाचा तरी फाडलेला चेहरा असतो. धोंडू खरंच अस्सल त्या जातीचा होता की काही मिसळीचा, ते सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं. पण तो झुंजीसाठी वाढवलेला होता, एवढं त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं.

मामंजींनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो कुत्रा न्हाय बाय, ह्यो वाघ हाय. पालिकेला सांगू, गाडी येल नि घेऊन जाईल."

वन्संनी डबडं बांबूनं ओढून घेतलं, भरून पुन्हा पुढं सरकवलं आणि त्याच्यापासून चार हातांवर एक उलटा पिंप ठेवून त्यावर बसल्या. दुपारभर बसल्या. दुसऱ्या दिवशी क्लास आटोपून पुन्हा गेल्या. जवळजवळ महिनाभर रोज जाऊन बसत होत्या. काय बोलत होत्या ते त्यांनाच ठाऊक. वॉचमन हसायचा, मग हसायचा थांबला. एके दिवशी दुपारी दारात टेम्पो उभा राहिला आणि वन्सं त्यातून उतरल्या. त्यांच्या हातात साखळी होती आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला तो.

मी वर्षाला उचलून माळ्यावर गेले आणि वरूनच ओरडले, "वन्सं, हे काय आणलंत?"

त्या वर बघून म्हणाल्या, "याचं नाव धोंडू ठेवलंय." आमच्याकडं मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू किंवा दगडू ठेवायची रीत होती. नाव दगडाचं असलं की कुणाची नजर जात नाही म्हणतात. मला नावाचं काही पडलं नव्हतं. माझं मूल जमिनीवर रांगत होतं.

त्यावर वन्संनी जे केलं त्यानं माझं तोंड बंद झालं. मी अटी घालायच्या आधी त्यांनीच घातल्या, आणि त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. धोंडू मागच्या पडवीत राहील. पडवीच्या दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या, आणि साखळी भिंतीतल्या हुकाला. वन्सं घरात नसतील तेव्हा कडीला कुणी हात लावायचा नाही. बाहेर न्यायचा तो पहाटे, गल्ली रिकामी असताना, तोंडाला त्यांनी स्वतः शिवलेली कातड्याची मुसकी बांधून. "तो गरीब आहे हो, काही करत नाही," असं कुत्री पाळणारे म्हणतात तसं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "वहिनी, त्याला मारामारी शिकवलीय. ती त्याच्यातून गेली असं मी कशी सांगू? माझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि कडीवरही आहे."

क्लासच्या मुली गळायला लागल्या. कुणाच्या आईला भीती वाटे, तर कुणाच्या घरी कुत्र्याची लाळ लागलेले कपडे चालत नसत. वन्संनी कुणाला समजवायला जायचं नाही असं ठरवलं असावं. सतरंजीवर जागा मोकळी झाली की सतरंजी तेवढी दुमडून घ्यायच्या. आमचे हे चिडले की म्हणायचे, "अक्का, एका कुत्र्यापायी तू हातचं घालवतेस." अक्का ऐकून घ्यायची आणि पडवीत जाऊन बसायची.

समोरच्या खतिजाचाचींचा मात्र घरोबा तुटला नाही. चाची जुन्या कोकणी घराण्यातल्या, दोन पिढ्या लूमचा धंदा. कुत्रा शिवला तर त्यांना धुवावं लागे, म्हणून त्या आमच्या पडवीच्या बाजूला फिरकत नसत. पण त्यांच्याकडं मटण झालं की हाडांचं पुडकं दोरीला बांधून गॅलरीतून खाली सोडायच्या आणि ओरडायच्या, "अगं, त्या पैलवानाला दे! काल रडत होता का? मला आवाज आला." वन्सं म्हणायच्या, "रडत नव्हता चाची, स्वप्न पडलं असेल." चाची म्हणायच्या, "त्याला आणि कसलं स्वप्न?" आणि दोरी वर ओढून घ्यायच्या.

त्याला कसली स्वप्नं पडतात ते आम्हाला कळत चाललं होतं. लूमच्या खटखटीत धोंडू निवांत झोपायचा. पण कुठं टाळ्या वाजल्या की त्याचे पाय लटपटायचे. गोविंद्याच्या दिवशी नाक्यावर पोरं गोल करून ओरडायला लागली, तर हा एवढा पहिलवान जागच्या जागी मुतला आणि भिंतीला डोकं लावून उभा राहिला. त्या दिवशी वन्संनी पडवीचं दार आतून लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या लुगड्यावर त्याचे केस होते. म्हणाल्या, "माणसं गोल करून उभी राहिली की पुढं काय व्हायचं ते त्याला पाठ आहे."

एकदा माझाच जीव गेल्यासारखा झाला. वर्षा चालायला लागली होती. वन्सं पडवीत त्याला भाकरी घालत होत्या, दार लोटलेलं होतं, आणि मी वळेपर्यंत पोरगी दार ढकलून आत. मी धावले. आत पाहते तर वन्सं दोघांच्या मधे येऊन उभ्या, आणि त्यांच्या पाठीमागं धोंडू मागं मागं सरत चालला होता. साखळी संपली तरी तो मागं जोर करत होता. पट्टा गळ्यात रुतून घशातून घरघर येत होती आणि तोंड त्यानं भिंतीकडं फिरवलेलं. मी वर्षाला ओढून बाहेर आणलं आणि रागानं म्हटलं, "एवढं दोन कड्यांचं सांगता आणि दार उघडं?"

"चुकलं माझं," वन्सं म्हणाल्या. त्यानंतर त्याला वाढतानाही त्या आतून कडी लावून घ्यायला लागल्या. पण त्या दिवसापासून मला एक प्रश्न छळत राहिला. तो पोरीला घाबरला होता, की आपल्या हातून काय होईल त्याला? कुत्र्याला एवढं कळतं का, हे मी कुणाला विचारणार?

मग नव्वदच्या सुरुवातीच्या वर्षांतला तो दिवस आला. पलीकडच्या गल्लीत नळावर एका लूम कामगाराच्या मुलाला कुत्रा चावला. पोटरीचा लचकाच निघाला. गावात कुत्री शेकड्यांनी होती, पण नाव धोंडूचंच झालं. दुसरं होणारही नव्हतं. उन्हं उतरायच्या सुमारास माणसं आमच्या दाराशी जमली. आमच्या गावानं दंगलींतले जमाव पाहिलेले होते. दारात दहा माणसं उभी राहिली की म्हाताऱ्या बायका अजून मुलांना आत ओढतात, असं आमचं गाव. मामंजी दारात जाऊन उभे राहिले. हे कामावर होते. मी वर्षाला माळ्यावर ठेवून आले.

मुलाचा बाप पुढं होता. कडेवर पोर, त्याची कुणाच्या तरी ओढणीनं बांधलेली पोटरी, त्याच्या स्वतःच्या बनियनवर रक्त. तो भांडायला आला नव्हता. हात जोडल्यासारखा उभा राहून म्हणाला, "बाबा, हमको कुछ नहीं चाहिए. डॉक्टर पूछ रहा है कौन सा कुत्ता था, पागल था क्या. बच्चे को एक बार दिखा दो."

मागून कुणीतरी ओरडलं, "दिखाना क्या है, बाहर निकालो उसको!"

मामंजी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. पोराचा बाप आहे तो. दाखवू द्या." आणि त्यांनी त्या माणसाला तेवढ्याच हळू आवाजात सांगितलं, "भाई, तुम अकेले आओ, बच्चे को लेके. बाकी लोग इधर ही रुको."

बाप आणि पोर आत आले. पण बाकीचे थांबले नाहीत. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पुढच्यांना मागच्यांनी रेटलं आणि मागच्या अंगणातून, बोळातून माणसं पडवीशी येऊन पोचली. वन्संनी दार उघडलं तेव्हा धोंडू साखळीला बसलेला होता. मुलानं त्याच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. मला त्याचा आवाज अजून ऐकू येतो, रडून बसलेला. "ये नहीं अब्बा. वो काला था. छोटा था."

बापानं केवढा सुस्कारा सोडला. वन्संनी डोळे मिटले. एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं.

पण तोवर पडवीसमोर माणसांची कमान झाली होती. मागच्यांना पोराचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. कुणीतरी पत्र्यावर काठी आपटली, कुणी शिट्टी घातली, आणि एकानं, बहुतेक कुत्रा उठून उभा राहावा म्हणून, दोन टाळ्या वाजवल्या. मी धोंडूकडं पाहत होते. त्याच्या डोळ्यांतून धोंडू निघून गेला. भुंकला नाही, गुरगुरला नाही; एकच झेप, आणि भिंतीतला हुक गिलाव्याच्या खपल्यांसकट बाहेर आला. बाप आणि पोर समोरच होते. वन्संनी आपला उजवा हात मधे घातला.

त्या किंचाळल्या नाहीत. किंचाळले ते बाकीचे. माणसं एकमेकांना तुडवत बोळातून पळाली. धोंडूचे दात वन्संच्या मनगटाखाली रुतलेले आणि त्या गुडघ्यांवर बसून त्याच्या फाटक्या कानाशी तोंड नेऊन सांगत होत्या, "सोड. सोड बाळा. मी आहे. सोड." किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याचा जबडा सैल झाला. त्यानं वर पाहिलं, आणि सरपटत जाऊन कोनाड्याखाली शिरला. वन्संना बाहेर घेऊन, दार पुढं ओढून वर-खाली दोन्ही कड्या लावल्या त्या खतिजाचाचींनी. त्या कधी गॅलरीतून खाली उतरल्या, कुणी पाहिलं नाही. त्या मुलाच्या बापानं पोराला खाली ठेवलं, खांद्यावरचा गमछा काढला आणि वन्संचा हात घट्ट बांधला. बांधताना तो मोठ्यानं रडत होता.

हात वाचला. पण अंगठ्याजवळची दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. कात्री धरायची ती बोटं. इस्पितळात वन्संना पोटातली इंजेक्शनं चालू होती, तिथं त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, आता तरी त्याला मारून टाका. मीही तेच म्हणत होते. त्या ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "चावला तो. खोटं कशाला बोलू? त्या पोराला चावला असता तर मीच त्याला पालिकेच्या गाडीत घातला असता. पण वहिनी, त्या वेळी त्याला मी दिसलेच नाही. त्याला राहनाळच दिसत होतं."

वन्संना घरी आणलं त्या दिवशी मामंजींनी पुढच्या खोलीत सगळ्यांदेखत सांगितलं, "बाय, आता बास. या घरान तो ऱ्हाईल नायतर मी ऱ्हाईन."

वन्संनी बांधलेला हात मांडीवर सावरला. "तुम्ही कशाला जाल बाबा? घर तुमचं आहे. मी जाते."

अंबाडीच्या पुढं, वाडा गावाकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, मामंजींची थोडी जमीन होती आणि त्यावर एक कौलारू खोपटं. वन्सं तिथं जाऊ का म्हणाल्या तेव्हा मामंजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. चप्पल घालून बाहेर निघून गेले. टेम्पोत एक शिवणाचं मशीन, ट्रंक, भांडी आणि मुसकी घातलेला धोंडू. टेम्पो गेला, पडवी रिकामी झाली, आणि तो आल्यापासून पहिल्यांदा मी वर्षाला खाली मोकळी सोडली. मला सुटल्यासारखं वाटत होतं आणि डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं.

अंबाडीला मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. खोपटाभोवती वन्संनी पुरुषभर उंचीचं कुंपण घालून घेतलं होतं आणि फाटकाला, अर्थातच, दोन कड्या. सुरुवातीची त्यांची शिवण बघवत नसे. डाव्या हातानं कापलेले गळे वेडेवाकडे यायचे. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायका काही न बोलता ती पोलकी घेऊन जायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा यायच्या. वन्सं रात्रंदिवस उसवत बसायच्या. हळूहळू हात बसला. तिथं कुणी त्यांना खारबावचं विचारलं नाही. एका वारली घरच्या लग्नात त्यांना हळद लावायला बोलावलं, ते त्यांनी मला तीनतीनदा सांगितलं. "मी म्हटलं, मी विधवा आहे हो. तर ती म्हणते, मग काय झालं? हात तर चालतो ना? मी म्हटलं, तोही अर्धाच."

त्या अशा हसायला लागल्या की मीही हसले.

धोंडू तिथं कुंपणाच्या आत मोकळा असे. टाळ्या नाहीत, गर्दी नाही; तो ताणलेला मांसाचा गोळा सैल होत गेला. सुकटीच्या कालवणात चुरलेली भाकरी खायचा आणि उन्हात पाय वर करून पडायचा. एक गोष्ट मी पाहिली. वन्संनी उजव्या हातानं घास पुढं केला की तो तोंड फिरवायचा, डाव्या हातानं दिला की घ्यायचा. मी म्हटलं, "वन्सं, त्याला कळतंय का हो?" त्यांनी बराच विचार केला. "मला वाटतं कळतंय. पण नसेलही. मी त्या हाताला रोज मलम लावते, त्याचा वास आवडत नसेल." माणसांबद्दल असो की कुत्र्याबद्दल, जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं त्या कधी बोलल्या नाहीत.

मी परत आले की मामंजी ओट्यावर बसलेले असत. "कशी हाय?" एवढंच विचारत. मी सांगे, बरी आहेत. ते मान हलवत. एवढ्या वर्षांत ते एकदाही अंबाडीला गेले नाहीत, आणि वन्सं एकदाही भिवंडीला आल्या नाहीत. दोघांत बोलणं चाले ते माझ्या पिशवीतून. इकडून वालाच्या शेंगा, तिकडून शिवलेली बंडी. एकदा मात्र मी चप्पल काढत असताना त्यांनी विचारलं, "नि तो?" मी म्हटलं, "म्हातारा झालाय. एका डोळ्यानं दिसत नाही." मामंजींनाही तेव्हा मोतीबिंदू झाला होता.

धोंडू गेला तो थंडीच्या दिवसांत. अंबाडीच्या बाजाराला जाणारा एक ओळखीचा माणूस सकाळी निरोप घेऊन आला: कुत्रा गेला, बाई एकट्या आहेत. मी पिशवी भरायला घेतली. वळून पाहिलं तर मामंजी टोपी घालून दारात उभे, हातात फावडं.

"सूनबाय, चल," म्हणाले. "जमीन कडक हाय तिथली. तिला एका हातानं व्हयाचं न्हाय."

एस.टी.त लोक त्या फावड्याकडं बघत होते. खोपटाशी पोचलो तेव्हा वन्संनी धोंडूला गोणपाटावर ठेवलं होतं आणि खरंच, काटेसावरीखाली एका हातानं पहारीचे घाव घालत होत्या. हातभरही खड्डा झाला नव्हता. बापाला फाटकात पाहून त्या थांबल्या. मामंजींनी सदरा काढून फांदीला अडकवला आणि खणायला लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस. दर चार घावांनी दम खायला थांबायचे. मी माती उपसत होते.

खड्डा झाल्यावर गोणपाट उचलायला ते खाली वाकले. तेव्हा त्यांनी त्याला पहिल्यांदा जवळून पाहिलं असावं. मोतीबिंदूमुळं चेहरा अगदी जवळ न्यावा लागे. म्हातारपणी केस विरळ झाले होते आणि अंगावरचे व्रण एकूण एक दिसत होते. त्यांनी मानेवर बोट फिरवलं, मग खांद्यावर, मग फाटक्या कानावर.

"ह्याचं असं कोनी केलं गं बाय?"

"माणसांनी, बाबा."

मग गळ्यातला पंचा काढून त्यांनी धोंडूच्या तोंडावर घातला आणि दोघांनी मिळून त्याला खाली ठेवला.

माती सारखी करून हातपाय धुतले. वन्संनी चहा ठेवला. चहा घेऊन झाल्यावर मामंजी जमिनीकडं बघत म्हणाले, "आता चल घरी. आता काय हाय इथं?"

वन्सं आमच्याशी नेहमी पुस्तकातलं बोलायच्या, पण बापाला त्यांनी घरच्या बोलीत उत्तर दिलं, आणि ते इतकं हळू होतं की म्हाताऱ्याला पुढं वाकावं लागलं. "न्हाय बाबा. माझं इथं सगलं हाय."

मामंजींनी आजूबाजूला पाहिलं. मशीन, दोरीवर टांगलेली पोलकी, फाटकाशी थांबलेली कुणीतरी बाई, तिच्या हातात कापड. त्यांनी मान हलवली आणि भिंतीला टेकून बसले.

उन्हं कलली तशी मी म्हटलं, "मामंजी, शेवटची गाडी चुकेल. निघायला हवं." ते ऐकू न आल्यासारखे बसून होते. टोपी काढून त्यांनी बाजूला ठेवली होती. वन्सं सुपात तांदूळ निवडायला घेत होत्या. मी पाहिलं, त्यांनी आणखी एक मूठ घेतली. मी पिशवी उचलली आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले.

गाडी आली. कंडक्टर सकाळचाच होता.

"म्हातारबाबा मागं आहेत का? थांबवतो गाडी."

"नको," मी म्हटलं. "भिवंडी एक द्या."